फोटोची पाठ

हॉलिवुडची अभिनेत्री मर्ल ओबेरॉन हिचा हा फोटो आठ बाय दहा इंचांचा आहे. कागद जाड, चकचकीत. कडांना रुपेरी झाक आली आहे. कागदातली चांदी वर्षानुवर्षं हळूहळू वर येत राहते त्याची ती खूण, आणि फोटो उजेडात तिरका धरला तरच ती दिसते. चित्रपट ‘वदरिंग हाइट्स’, 1939 सालचा, विल्यम वायलरने दिग्दर्शित केलेला. मर्ल त्यात कॅथी झाली होती आणि लॉरेन्स ऑलिव्हिए हीथक्लिफ. फोटोत ती एकटीच आहे. मान जराशी वळलेली, रुंद कपाळावर वरून उजेड पडलेला, डोळे लांबट आणि काळेभोर, ओठ मिटलेले. चेहऱ्यावर एक सुरकुती नाही, एक डाग नाही. जिवंत माणसाच्या कातडीवर जे जे असतं, त्यातलं इथे काहीच नाही.

आता फोटो डोळ्यांजवळ घ्यायचा. जबड्याच्या कडेने कुणीतरी बारीक ब्रशने करड्या रंगाची रेघ ओढली आहे. केस आणि मागचा अंधार एकमेकांत मिसळत होते, तिथे पांढऱ्या रंगाचा हलका हात फिरवून केस मोकळे करून घेतले आहेत. खालच्या ओठाची कड पुन्हा गिरवली आहे. दोन्ही बाजूंना लाल मेणाच्या पेन्सिलीने उभ्या-आडव्या खुणा आहेत. एवढाच भाग छापायचा, खांदे नकोत, असा त्यांचा अर्थ.

मग तो उलटा करायचा. मागे अमेरिकेतल्या एका दैनिकाचा जांभळा शिक्का आहे, त्याखाली तारीख. काही वर्षांनंतरच्या तारखेचा आणखी एक शिक्का आहे, म्हणजे फोटो कपाटातून पुन्हा बाहेर काढला गेला, पुन्हा छापला गेला. मधोमध स्टुडिओच्या प्रसिद्धी विभागाने चिकटवलेली पातळ कागदाची पट्टी, तिच्यावर टंकलिखित फोटोओळ. बाजूला त्या दैनिकात छापून आलेल्या फोटोचं कात्रण, त्याच्याखालचा गोंद आता गडद तपकिरी झालेला. आणि निळ्या पेन्सिलीने लिहिलेला एक आकडा, किती रुंदीचा ब्लॉक करायचा त्याचा.

गेली काही वर्षं मी असे फोटो जमवते आहे. त्यांची पाठ मला पुढच्या बाजूइतकीच मोलाची वाटते. पुढच्या बाजूला एक बाई दिसते. पाठीवर ती बाई जगापुढे आणणाऱ्या माणसांचे हात दिसतात.

हे हात किती होते याची कल्पना आज फोनमधल्या कॅमेऱ्यामुळे येणार नाही. 1930 च्या दशकात हॉलिवुडच्या प्रत्येक मोठ्या कंपनीत स्थिरचित्रांचा स्वतंत्र विभाग असे. तारकेची वैयक्तिक छायाचित्रं काढायला तिला वेगळा दिवस दिला जाई, स्वतंत्र गॅलरी असे. कॅमेरा लाकडी, तिपाईवरचा, आणि त्यातली एकेक निगेटिव्ह फोटोएवढीच, म्हणजे आठ बाय दहा इंचांची. एवढ्या मोठ्या निगेटिव्हवर पापणीचा केस न् केस येतो, तसाच पुरळाचा ठिपका न् ठिपकाही येतो. म्हणून निगेटिव्ह आधी रिटचरकडे जाई. तो ती मागून उजेड असलेल्या उतरत्या काचेवर ठेवी आणि अणकुचीदार टोक काढलेल्या मऊ पेन्सिलीने तिच्यावर काम करी. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. चेहऱ्यावर जिथे सुरकुतीची सावली, तिथे निगेटिव्ह पातळ आणि पारदर्शक. त्या पातळ जागी शिसं भरलं की तेवढा उजेड अडतो आणि छापताना कागदावर ती सावली उजळते. भिंगातून पाहत, ठिपक्याशेजारी ठिपका देत, एकेका चेहऱ्यावर तास न् तास असं काम चाले. डोळ्यांखालचं वर्तुळ जाई, गालाचा खळगा भरे, रंग उजळे.

त्यानंतर छापखान्याची पाळी. वर्तमानपत्राचा कागद खरखरीत आणि शाई पातळ. फोटोचा ब्लॉक करायचा म्हणजे तो जाळीतून पुन्हा टिपून बारीक-मोठ्या ठिपक्यांत फोडायचा आणि जस्तावर कोरायचा. त्यात नाजूक छटा बुडतात, चेहरा आणि पार्श्वभूमी एक होऊन जातात. म्हणून वर्तमानपत्रातला चित्रकार मूळ फोटोवरच ब्रश चालवी, कडा गिरवी, नको असलेलं माणूस रंगाखाली पुरून टाकी. ऑफसेट छपाई येईपर्यंत आपल्या मराठी दैनिकांतही हेच चालत होतं. जुन्या लोकांना जस्ताचे ते ब्लॉक आणि त्यांच्याखालचे लाकडी ठोकळे आठवत असतील.

म्हणजे वाचकापर्यंत पोचणारा चेहरा मेकअप करणाऱ्याने, दिवे लावणाऱ्याने, कॅमेरा धरणाऱ्याने, पेन्सिल चालवणाऱ्याने आणि ब्रश फिरवणाऱ्याने, अशा पाचजणांनी घडवलेला असे. त्याला शब्द जोडणारा सहावा. ग्रेटा गार्बो, जोन क्रॉफर्ड, मार्लिन डिट्रिक, सगळ्यांच्याच बाबतीत हे घडलं. पण मर्लचे फोटो मला या सगळ्यांपेक्षा जास्त अस्वस्थ करतात, कारण बाकीच्यांच्या चेहऱ्यावरून वय आणि थकवा पुसला गेला, आणि तिच्या चेहऱ्यावरून एक देश पुसला गेला. तो देश आपला होता आणि ते शहर मुंबई होतं.

तिचं मूळ नाव एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्पसन. जन्म 19 फेब्रुवारी 1911, मुंबई. वडील आर्थर थॉम्पसन इंग्लंडमधल्या डार्लिंग्टनचे, इथे रेल्वेत अभियंता. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला ते सैन्यात गेले आणि तिकडेच न्यूमोनियाने वारले. जिला ती आई म्हणत वाढली ती शार्लट सेल्बी, सिलोनकडची, मिश्र रक्ताची, रंगाने सावळी. घरात मुलीला ‘क्वीनी’ म्हणत. 1917 मध्ये मायलेकी मुंबई सोडून कलकत्त्याला गेल्या. तिथल्या ला मार्टिनियर या मुलींच्या शाळेत क्वीनीला शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला, पण वर्गातल्या मुली तिच्या मिश्र जन्मावरून तिला इतकं टोचून बोलत की शाळा सोडावी लागली. पुढचं शिक्षण घरीच झालं. मोठी झाल्यावर तिने टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली, हौशी नाटकमंडळीत कामं केली, आणि फिर्पो या प्रसिद्ध रेस्टॉरंटमधल्या एका स्पर्धेत बक्षीस मिळवलं.

चरित्रकारांनी कलकत्त्याच्या दिवसांतला एक प्रसंग नोंदवला आहे. एकेकाळी नट असलेला एक परदेशी गृहस्थ तिच्या प्रेमात होता. एका रात्री तो तिला घरी सोडायला आला आणि त्याने शार्लटला पाहिलं. आईचा रंग पाहिल्याबरोबर मुलीचं कूळ त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने संबंध संपवायचं ठरवलं. तू फ्रान्सला आलीस तर रेक्स इन्ग्रॅम या दिग्दर्शकाशी ओळख करून देतो, एवढं आश्वासन मात्र त्याने दिलं. मायलेकी खरोखरच फ्रान्सला गेल्या. तिथे तो गृहस्थ भेटला नाही. मात्र त्याने इन्ग्रॅमकडे शब्द टाकून ठेवला होता आणि तिला किरकोळ काम मिळालं. तिथून लंडन. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीने त्या रात्री काय शिकून घेतलं असेल, हे मला कुठल्या चरित्रात वाचावं लागत नाही. आई दिसली की दार बंद होतं, हे ती शिकली.

लंडनमध्ये निर्माता-दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डाने तिला हेरलं. 1933 च्या ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’ मध्ये ती अ‍ॅन बोलिन झाली. काही मिनिटांचीच भूमिका, पण लोकांच्या लक्षात राहिली. पुढच्या वर्षी ‘द स्कार्लेट पिंपर्नेल’. आता वर्तमानपत्रांना फोटो हवे होते, आणि फोटोखाली ओळ हवी होती. ही मुलगी कोण, कुठली? प्रसिद्धी विभागाने उत्तर तयार केलं: जन्म टास्मानिया, ऑस्ट्रेलिया. टास्मानिया निवडण्यामागे हिशेब होता. ते बेट ब्रिटिश साम्राज्यातलं होतं, गोऱ्यांचं मानलं जात होतं, आणि लंडन किंवा न्यूयॉर्कच्या कुठल्याही वार्ताहराने सहज जाऊन चौकशी करावी इतकं जवळ नव्हतं. जन्माची नोंद आगीत जळाली, अशी पुरवणीही जोडली गेली. एका टंकलिखित ओळीने मुंबई गेली आणि टास्मानियातलं होबार्ट आलं. पुढे 45 वर्षं ती ओळ फोटोमागून फोटोच्या पाठीवर चिकटत राहिली, तिथून बातमीत आणि बातमीतून संदर्भग्रंथांत गेली.

तिचे सुरुवातीचे फोटो आणि 1935 नंतरचे फोटो शेजारीशेजारी ठेवले की आणखी एक गोष्ट दिसते. आधीच्या फोटोंत भुवया वर ताणलेल्या, डोळ्यांच्या कडा काजळाने लांबवलेल्या, केस चापून बसवलेले. पूर्वेकडची कुणी गूढ स्त्री वाटावी असा सगळा बेत. मग निर्माता गोल्डविनने तिला अमेरिकेत ‘द डार्क एंजल’ साठी घेतलं आणि तो सगळा थर उतरवायला लावला. साधे केस, मोकळं कपाळ, इंग्लंडमधल्या खेड्यातली मुलगी. समीक्षकांनी या साधेपणाची तारीफ केली. चित्रपटाच्या धंद्याला तिच्यात पूर्वेची झाक हवी होती तेव्हा ती लावली गेली, नको झाली तेव्हा धुतली गेली. दोन्ही वेळा खरी पूर्व तिच्या घरात, आतल्या खोलीत बसलेली होती.

‘द डार्क एंजल’ साठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं. 1936 च्या त्या समारंभात पुरस्कार बेटी डेव्हिसला गेला. पण त्या क्षणी एक आशियाई वंशाची, मुंबईत जन्मलेली स्त्री त्या यादीत होती आणि हे जगाला ठाऊक नव्हतं.

मर्लने खोटं का सांगितलं असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात बहुतेक वेळा निवाडा आधीच झालेला असतो. त्यांना मी त्या काळचे कायदे सांगते. 1917 च्या अमेरिकन कायद्याने हिंदुस्थानसह आशियाच्या मोठ्या भागातून स्थलांतराला बंदी घातली होती. 1923 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल दिला की हिंदुस्थानी माणूस ‘गोरा’ ठरत नाही, म्हणून त्याला नागरिकत्व मिळू शकत नाही. ते दार 1946 मध्ये किलकिलं झालं, तेही वर्षाला 100 माणसांपुरतं. चित्रपटांची आचारसंहिता 1934 पासून कडकपणे अमलात आली. तिच्यात गोऱ्या आणि काळ्या वंशांमधले संबंध पडद्यावर दाखवायला मनाई होती, आणि स्टुडिओ ती मनाई गोरेतर माणसांपर्यंत ताणत. अ‍ॅना मे वाँग ही चिनी वंशाची अमेरिकन अभिनेत्री, लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली. पर्ल बकच्या ‘द गुड अर्थ’ या कादंबरीवरच्या चित्रपटात चिनी शेतकऱ्याच्या बायकोची भूमिका तिला मिळाली नाही, कारण नायक म्हणून गोरा नट ठरलेला होता. ती भूमिका लुइझ रेनरने चेहरा रंगवून केली आणि तिला ऑस्करही मिळालं.

वाँगचा चेहरा लपवता येण्याजोगा नव्हता. मर्लचा होता. खरं बोलली असती तर तिला कॅथी मिळाली नसती, लेखिका जॉर्ज सँडची भूमिका मिळाली नसती, कदाचित अमेरिकेत पाऊलही ठेवता आलं नसतं. फोटोओळीतलं ते खोटं तिच्या तोंडून वदवून घेणारी व्यवस्था तिच्यापेक्षा कितीतरी मोठी होती. त्या व्यवस्थेला आपण दोष देत नाही आणि त्या मुलीला देतो, याचं मला वाईट वाटतं.

याच काळात मुंबईत काय चाललं होतं, तेही इथे आठवायला हवं. पुण्यात 1907 मध्ये जन्मलेली रूबी मायर्स, बगदादी ज्यू घराण्यातली, हीसुद्धा टेलिफोन ऑपरेटरच होती. कोहिनूर कंपनीत आली, ‘सुलोचना’ झाली आणि मूकपटांच्या काळातली सगळ्यांत मोठी तारका ठरली. रेनी स्मिथ ही अँग्लो-इंडियन मुलगी ‘सीतादेवी’ झाली. इकडच्या पडद्याला गोऱ्या कांतीची नटी चालत होती, पण नाव हिंदू हवं होतं. तिकडच्या पडद्याला थॉम्पसन घराण्यातली मुलगी चालत होती, पण तिची आई नको होती. मधल्या रक्ताच्या या मुलींना दोन्हीकडे आपापली अर्धी ओळख दाराबाहेर काढून ठेवावी लागली. सुलोचनाचं एवढं बरं की तिचं मूळ नाव लोकांना माहीत होतं, आणि 1973 चा फाळके पुरस्कार मिळाला तेव्हा त्यात लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

1937 हे वर्ष मर्लला फार जड गेलं. लंडनमध्ये जोसेफ व्हॉन स्टर्नबर्ग ‘आय, क्लॉडियस’ करत होता. चार्ल्स लॉटन क्लॉडियस आणि मर्ल मेसलीना. चित्रीकरण चालू असताना तिच्या मोटारीला अपघात झाला, चेहऱ्याला इजा झाली, चित्रपट कायमचा बंद पडला. त्याच वर्षी शार्लट गेली. पुढे 1940 च्या सुमारास औषध आणि सौंदर्यप्रसाधनांची विषबाधा होऊन मर्लची त्वचा खराब झाली. त्या काळच्या उपचारांत चेहऱ्याची कातडी अक्षरशः घासून काढत. ती यातनाही तिने सोसली, पण व्रण पुरते गेले नाहीत.

1944 च्या ‘द लॉजर’ च्या वेळी छायालेखक ल्यूसियन बॅलार्डने तिच्यासाठी एक छोटा दिवा तयार केला. तो कॅमेऱ्यावरच, भिंगाला अगदी खेटून बसवायचा. युक्ती साधी आणि पक्की आहे. उजेड बाजूने आला की कातडीवरचा प्रत्येक खळगा आणि उंचवटा आपली सावली पाडतो, आणि व्रण दिसतो तो त्या सावलीमुळे. उजेड भिंगाच्याच दिशेने आला की सावली वस्तूच्या बरोबर मागे जाते, कॅमेऱ्याला दिसत नाही. चेहरा सपाट, नितळ आणि उजळ होतो. या दिव्याचं नाव तिच्या आडनावावरून ‘ओबी’ पडलं आणि छायालेखक ते अजून वापरतात. कोर्डाशी तिचं 1939 मध्ये लग्न झालं होतं. ते 1945 मध्ये संपलं आणि त्याच वर्षी तिने बॅलार्डशी लग्न केलं. ज्याने तिच्यावर असा उजेड टाकला त्याच्याबद्दल तिला प्रेम वाटलं असेल, तर मला ते पूर्णपणे समजतं.

‘ओबी’ नंतरचे तिचे फोटो मी ओळखू शकते. डोळ्यांत, बुबुळाच्या जवळजवळ मधोमध, उजेडाचा एक छोटा ठिपका असतो. चेहऱ्यावर कुठेच सावली नसते. ‘वदरिंग हाइट्स’ मध्ये छायालेखक ग्रेग टोलंडने तिच्या गालांवर अंधार खेळू दिला होता. त्या चित्रपटाच्या छायालेखनाला ऑस्कर मिळालं आणि ते योग्यच होतं. मला तो अंधार असलेला चेहरा जास्त आवडतो. त्यात दुःख मावतं.

माझ्याकडे मर्लचे कितीतरी जणांबरोबरचे फोटो आहेत. ऑलिव्हिएबरोबर, कोर्डाबरोबर, विमानाच्या शिडीवर, कुत्र्याला कडेवर घेऊन. आईबरोबरचा एकही फोटो मी कुठल्या वर्तमानपत्राच्या संग्रहात पाहिलेला नाही. शार्लट लंडनच्या घरात तिच्याबरोबरच राहत होती. पाहुणे आले की तिची ओळख मोलकरीण म्हणून करून दिली जाई, असं चरित्रकार सांगतात. फोटोग्राफर घरी येत, तारकेचं दिवाणखान्यातलं आयुष्य टिपून नेत. तेव्हा ती बाई कुठल्या खोलीत बसत असेल? बाहेरचे दिवे विझायची वाट पाहत, की स्वयंपाकघरात चहाचं पाहत? मुलीचा चेहरा रोज छापून येत होता आणि तो जपायचा म्हणून आईने दिसायचं नव्हतं. हे आईला कळत होतं आणि तिने ते मान्य केलं होतं, यापेक्षा मोठं दुःख या सगळ्या कहाणीत मला दिसत नाही.

1949 मध्ये, आई जाऊन बारा वर्षं झाल्यावर, मर्लने तिच्या एका जुन्या फोटोवरून तैलचित्र करवून घेतलं. चित्रकाराला सांगितलं की आईचा रंग उजळ करा. गोऱ्या शार्लटचं ते चित्र मर्लच्या प्रत्येक घरात, तिच्या मृत्यूपर्यंत भिंतीवर होतं.

ते वाचलं तेव्हा मला माझी आत्या आठवली. साठच्या दशकात तिला दाखवायचं ठरलं म्हणून गावातल्या एका स्टुडिओत फोटो काढला गेला. आत्या चांगलीच सावळी होती. स्टुडिओवाल्याने न सांगता निगेटिव्हवर पेन्सिल चालवली आणि फोटोत ती गव्हाळ झाली. आजोबांनी तोच फोटो स्थळांकडे पाठवला. आत्या गेल्यावर चुलतभावाने मोठा करून भिंतीवर लावला तोही तोच. आत्याचा खरा रंग मला, तिच्या मुलांना आणि आणखी चार माणसांना आठवतो. आमच्यानंतर तो कुणालाच माहीत नसेल. म्हणून मर्लच्या त्या तैलचित्राकडे मी परक्या देशातली गोष्ट म्हणून पाहू शकत नाही. शिसं तिकडच्या निगेटिव्हवर चाललं तसं आपल्याकडच्याही चाललं, आणि जिच्यावर प्रेम आहे तिलाच ते लावलं गेलं.

1978 मध्ये होबार्टने तिला आपली लेक म्हणून बोलावलं. महापौरांनी स्वागत समारंभ ठेवला होता. ती गेली, आणि तिथे पोचल्यावर थोड्याच वेळात म्हणाली की माझा जन्म इथला नाही. मग बरं वाटत नसल्याचं सांगून निघून गेली. त्या माणसांनी तिच्यावर खरोखर प्रेम केलं होतं. त्यांच्या तोंडावर खोटं बोलणं तिला जमलं नाही, आणि पुढचं खरं सांगणंही जमलं नाही. दुसऱ्या वर्षी, 23 नोव्हेंबर 1979 ला, मालिबूमध्ये पक्षाघाताने तिचं निधन झालं.

1983 मध्ये चरित्र आलं आणि मुंबईचा जन्म जगासमोर आला. त्यानंतरही एक कागद उरला होता. तिच्याच घरातल्या एका माणसाने मुंबईच्या सरकारी दप्तरातून तिचा जन्मदाखला शोधून काढला. त्याच्यावर आईच्या नावाच्या जागी शार्लटचं नाव नव्हतं. तिची मुलगी कॉन्स्टन्स हिचं होतं, जिला मर्ल बहीण मानत आली होती. मर्ल जन्मली तेव्हा कॉन्स्टन्स बारा वर्षांची होती. 2002 च्या एका ऑस्ट्रेलियन माहितीपटात हे पहिल्यांदा उघड झालं. बारा वर्षांच्या मुलीवर काय गुदरलं असेल ते सांगायला कुणी शब्द वापरू नयेत. शार्लटने नातीला लेक म्हणून वाढवलं आणि पुढे त्या लेकीच्या घरी मोलकरीण म्हणवून घेतलं. जिने दोनदा आपलं नातं लपवून दुसऱ्याचं आयुष्य वाचवलं, तिचा खऱ्या रंगातला फोटो आपल्याला पाहायला मिळत नाही.

मार्च 2023 मध्ये आशियाई वंशाच्या मिशेल योला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. त्याआधी तिच्या नामांकनाच्या बातम्यांत वर्तमानपत्रांना मर्लचं नाव घ्यावं लागलं, आणि सोबत तिचे जुने फोटो छापावे लागले. तेच फोटो, तोच नितळ चेहरा, आणि खाली नवी ओळ: जन्म मुंबई. मर्लच्या त्या ऑस्कर समारंभानंतर 87 वर्षांनी फोटोओळ दुरुस्त झाली.

या सगळ्याचा उलगडा करण्यात जुन्या फोटोंच्या पाठीचा वाटा आहे. कुठल्या वर्षी स्टुडिओने काय सांगितलं, कुठल्या दैनिकाने त्यातलं काय घेतलं, कुणी टास्मानिया लिहिलं, कुणी नुसतं लंडन लिहिलं, हे सगळं त्या पिवळ्या पट्ट्यांवर आहे. पण अमेरिकेतल्या कितीतरी दैनिकांनी गेल्या काही वर्षांत आपली फोटोंची कपाटं विकून टाकली. फोटो सुटे झाले, एकेक करून जगभर गेले. बरेच विक्रेते फक्त पुढची बाजू दाखवतात. काही हौशी लोक फ्रेममध्ये नीट बसावा म्हणून पाठीवरचे कागद भिजवून काढतात. लाल पेन्सिलीच्या खुणा पुसतात. मग उरतो तो केवळ सुंदर चेहरा, म्हणजे स्टुडिओला जेवढं दाखवायचं होतं तेवढंच.

आपल्याकडेही असे गठ्ठे आहेत. चोरबाजारात मटन स्ट्रीटच्या दुकानांत, कोल्हापूर-पुण्याच्या जुन्या वितरकांच्या घरी, बंद पडलेल्या थिएटरांच्या माळ्यावर आणि मासिकांच्या कचेऱ्यांत मराठी-हिंदी चित्रपटांचे फोटो धूळ खात पडले आहेत. त्यातल्या कितीतरी नट्यांची खरी नावं, गावं आणि वयं त्यांच्या फोटोंच्या पाठीवरच सापडतील. तुमच्या हाताला असा एखादा गठ्ठा लागला तर एवढं करा. पाठीवरची पट्टी सोलू नका, शिक्का पुसू नका. दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा. आणि ठेवायला जागा नसेल तर रद्दीत घालण्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला एकदा विचारा.